वाचकांचे प्रश्न : सकाळी हिमनदी, दुपारी काळा किनारा

दोन अंकांपूर्वी या सदरात आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका दिवसाच्या सहलीविषयी लिहिले होते. राजधानी रेक्याविकहून सकाळी निघायचे, सेल्यालान्ड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे पाहायचे, वाटाड्याच्या सोबतीने सोल्हेमायोकुल या हिमनदीवर चालायचे, आणि पुढे रेनिसफ्याराचा काळा किनारा व व्हीक हे गाव पाहून रात्री परतायचे, असा तो दहा-अकरा तासांचा कार्यक्रम आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत बर्फाची धास्ती आहे. समुद्राविषयी एकाच वाचकाने विचारले आहे, आणि तेही अगदी निर्धास्तपणे. मी सप्टेंबरमध्ये ही सहल केली तेव्हा माझ्याही मनात नेमके असेच होते, आणि ते चुकीचे होते. म्हणून समुद्राच्या प्रश्नाला इतरांपेक्षा अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वय ६३. दर रविवारी सिंहगड चढते, पण उतरताना डावा गुडघा दुखतो. चार वर्षांपूर्वी लेहला विरळ हवेचा इतका त्रास झाला, की दोन दिवस अंथरुणातून उठता आले नाही. हिमनदीवर चालणे मला झेपेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लेहची काळजी आपण मनातून काढून टाकावी. हिमनदी म्हटले की आपल्याला गोमुख आठवते, आणि गोमुख समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटर उंचीवर आहे. सोल्हेमायोकुलचे मुख मात्र जेमतेम शंभर मीटर उंचीवर, म्हणजे पुणे शहराच्याही कितीतरी खाली आहे. बर्फ इतक्या खाली येण्याचे कारण असे, की अटलांटिकवरून येणारे ओलसर वारे मिरदाल्सयोकुल या मोठ्या हिमछत्रावर, म्हणजे डोंगरमाथा झाकून टाकणाऱ्या बर्फाच्या थरावर, वर्षभर प्रचंड बर्फ टाकतात, तो साचून-दाबून घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने उतारावरून हळूहळू खाली सरकत राहतो. त्या हिमछत्राची एक लांब जीभ म्हणजे सोल्हेमायोकुल. तेथे विरळ हवेचा त्रास होण्याचे काही कारण नाही.

श्रमांचे म्हणाल, तर या सहलीतील हिमनदीचा भाग साधारण तीन तासांचा असतो. त्यात साहित्य चढवणे, वाहनतळापासून खडी-मातीच्या वाटेने बर्फापर्यंत जाणे आणि परतणे हे सारे आले. प्रत्यक्ष बर्फावर एक ते दीड तास चालणे होते. एकूण चढ सिंहगडाच्या चढाईपेक्षा बराच कमी आहे. आपण दर रविवारी गड चढत असाल, तर दम लागण्याची चिंता नको.

गुडघ्याचा विचार मात्र करावा लागेल. बुटांना खालून क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दात्यांचा सांगाडा, बांधला की आपली नेहमीची चाल बदलते. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून चालायचे, म्हणजे एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकत नाहीत. पाऊल टाचेवर किंवा चवड्यावर न टाकता सपाट टेकवायचे, म्हणजे सगळे दाते एकदम बर्फात रुततात. आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून लहान लहान पावले टाकायची. सिंहगडावरून उतरताना सुट्या मुरमावरून पाय घसरू नये म्हणून आपण गुडघे ताठ धरत असाल, तर ती सवय येथे सोडावी लागेल. एकदा दात्यांवर विश्वास बसला, की बर्फावरचा उतार मुरमाच्या उतारापेक्षा गुडघ्यांना सुसह्य वाटतो, असा माझा अनुभव आहे. निघण्यापूर्वी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे वर्णन वाचून दाखवावे, नेहमीचा गुडघापट्टा बरोबर ठेवावा आणि वाटाड्याला सुरुवातीलाच गुडघ्याविषयी सांगावे. नोंदणी करताना ‘सोपी’ किंवा ‘लहान’ पदयात्राच घ्यावी. लांब पल्ल्याच्या पाच तासांच्या पदयात्राही असतात, त्या आपल्यासाठी नाहीत.

आपल्या गुडघ्याला खरा त्रास देऊ शकेल ती जागा बर्फाच्या बाहेर आहे. स्कोगाफॉस धबधब्याच्या बाजूने वर जाणारा पाचशेहून अधिक पायऱ्यांचा जिना तुषारांनी बहुधा ओला असतो, आणि बसमधील बरेच जण उत्साहाच्या भरात तो चढतात. साठ मीटरवरून एकसंध कोसळणारा तो प्रपात खालच्या मोकळ्या मैदानातूनच पूर्ण दिसतो. आपण खालीच थांबावे आणि गुडघे हिमनदीसाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : आमचा चौघांचा गट गेली वीस वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आम्ही तीनदा केली आहे. आम्ही तेथे मोटार भाड्याने घेणार आहोत. क्रॅम्पॉन विकत मिळतात, तर मग वाटाड्या कशासाठी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्यांना नळीच्या वाटेचा अनुभव आहे, त्यांना ही गोष्ट लवकर पटेल असे वाटते. आपण तीनदा गेलात, तेव्हा तीनही वेळा कातळ त्याच जागी होता. पहिल्या वेळी जेथे हात रोवला ती कपार तिसऱ्या वेळीही तेथेच होती, आणि अनुभव म्हणजे हेच, की जागा ओळखीची होते. हिमनदीवर जागा ओळखीची होत नाही, कारण ती वाहते आहे. वळणावर किंवा उतारावर बर्फ ताणला जाऊन त्याला भेगा पडतात. त्या काही आठवड्यांत रुंदावतात, मिटतात, नव्या जागी उघडतात. पृष्ठभागावरचे वितळलेले पाणी बर्फात गोल विहिरीसारखी छिद्रे पाडून थेट तळाकडे उतरते, आणि अशा विहिरीची कड बाहेरून भक्कम दिसली तरी आतून पोखरलेली असू शकते. नव्या बर्फवृष्टीनंतर अरुंद भेगांवर पातळ छत धरते आणि मग ती भेग दिसतही नाही. वाटाडे तेथे जवळजवळ रोज जातात, म्हणून त्यांना कालचा बर्फ माहीत असतो. आमच्या वाटाड्याने पहिल्या अर्ध्या तासात तीन ठिकाणी थांबून आइस ॲक्सने, म्हणजे बर्फ फोडण्याच्या कुदळीने, नव्या पायऱ्या खोदल्या. आदल्या दिवशी खोदलेल्या पायऱ्या पावसाने वाहून गेल्या होत्या.

याच्या जोडीला त्या हिमछत्राखाली काट्ला हा जागृत ज्वालामुखी आहे. उष्णतेमुळे बर्फाखाली पाणी साचते आणि कधी कधी ते एकाएकी फुटून बाहेर पडते. १९९९च्या जुलैमध्ये असा पूर सोल्हेमायोकुलच्याच मुखातून आला होता. तेथून निघणाऱ्या नदीला गंधकाचा वास येतो, म्हणून तिला ‘घाणेरडा ओढा’ असे जुने नाव आहे. वास नेहमीपेक्षा तीव्र झाला किंवा पाणी वाढले, तर त्याचा अर्थ काय हे वाटाड्यांना कळते. म्हणून माझे उत्तर ठाम आहे : आपण वाटाड्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये.

आपली मोटारीची योजना मात्र चांगली आहे आणि ती सोडायचे कारण नाही. अनेक संस्था हिमनदीच्या वाहनतळावरच भेटण्याची सोय देतात. तेवढे तीन तास त्यांच्याबरोबर चालावे आणि उरलेला दिवस आपल्या गतीने फिरावे. बसमधून येणाऱ्यांना प्रत्येक ठिकाणी घड्याळ पाहावे लागते, आपल्याला ते लागणार नाही. दोन सूचना कराव्याशा वाटतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरतो आणि वारा मोटार हलवतो, तेव्हा तशा रस्त्यांची सवय नसेल तर बसच बरी. आणि कोणत्याही ऋतूत मोटारीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे. तेथील वाऱ्याने दारे उलटी फिरून बिजागऱ्या मोडतात, आणि भाड्याच्या मोटारीचा साधा विमा ते नुकसान बहुधा भरून देत नाही.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. भाट्ये आणि गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर लहानाचे मोठे झालो. भरती-ओहोटी कळते, घरातील सर्वांना पोहता येते. रेनिसफ्याराला आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना निदान पाण्यात पाय बुडवू द्यावेत का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. पायही बुडवू नयेत, आणि ओल्या वाळूपर्यंतही जाऊ नये.

गणपतीपुळ्याला बाहेरगावची मंडळी शांत दिसणाऱ्या पाण्यात कशी फसतात, हे आपण पाहिले असेल. त्यांना समुद्र माहीत नसतो असे नाही. त्यांना हा समुद्र माहीत नसतो. रेनिसफ्याराला बाहेरगावचे आपण आहात.

कोकणातील बहुतेक पुळणी सपाट आहेत. लाट दूरवर फुटते, मग फेसाचे पाणी वर चढत येते आणि त्या प्रवासात तिचा जोर ओसरतो. रेनिसफ्याराचा किनारा पाण्याखाली एकदम खोल उतरतो. तेथून दक्षिणेला मोकळा अटलांटिक आहे आणि वाटेत लाटांना अडवणारी जमीन नाही, त्यामुळे हजारो किलोमीटरवरच्या वादळांत उठलेल्या लाटा आपली सारी ताकद राखून थेट काठावर येऊन आदळतात. त्यात दोन-तीन लाटा एकमेकींवर चढून आल्या, की दहा-पंधरा मिनिटे शांत असलेला समुद्र अचानक पुळणीवर वीस-तीस मीटर आत चढून येतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात या लाटेची वेळ सापडत नाही. ओहोटीच्या वेळीही ती येते. परत जाताना पाणी पायांखालची बारीक खडी ओढून नेते, माणूस उभा राहू शकत नाही, आणि पुढच्याच क्षणी तळ नाहीसा होतो. पाणी इतके थंड असते, की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास पहिल्या मिनिटात कोंडतो आणि थोड्याच वेळात हातपाय ऐकेनासे होतात. कपडे आणि बूट भिजल्याने वजन वाढते ते वेगळेच. किनाऱ्यावरून उडी टाकून कोणाला वाचवावे, अशी ती जागा नाही. मदतीसाठी ११२ क्रमांकावर दूरध्वनी करायचा आणि पाण्यातील माणसावरून नजर हटू द्यायची नाही, एवढेच हाती राहते.

या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत अनेक पर्यटकांचे प्राण गेले आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी कुटुंबीयांबरोबर असताना लाटेने ओढून नेली. आपल्या पत्रातील मुलांची वये वाचताना मला सारखी तीच बातमी आठवत होती.

किनाऱ्याच्या वाटेवर सूचनाफलक आणि लाटांच्या अंदाजानुसार बदलणारा दिवा आहे. दिवा लाल असेल तर खालच्या पुळणीवर उतरायचे नाही, वरच्या भागातूनच पाहायचे. लाल नसला, तरी ओल्या वाळूची शेवटची रेषा कोठे आहे ते आधी पाहावे आणि तिच्यापासून निदान तीस मीटर दूर राहावे. पाण्याकडे पाठ करू नये. छायाचित्र काढताना लोक नेमके हेच करतात, कारण समुद्रातून उभे राहिलेले रेनिसद्रांगार सुळके मागे यावेत असे प्रत्येकालाच वाटते. बेसाल्टच्या स्तंभांपाशी असलेली गुहा अधिक फसवी आहे : तेथे मागे कडा असतो, आणि पाणी आले की पळायला जागा राहत नाही. पुळणीचा आकार वादळांनंतर पुष्कळ बदलतो, म्हणून कोणाच्या मागच्या वर्षीच्या छायाचित्रावरून काही ठरवू नये. त्या दिवशी चालक किंवा वाटाडा सांगेल ते प्रमाण मानावे.

मुलांसाठी एक पर्याय सुचवतो. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गेलात, तर दिरहोलाए या उंच भूशिराच्या कड्यांवर पफिन पक्षी घरटी करतात. नारिंगी चोचीचे, लहानशा बदकाएवढे, आणि उडताना पंखांची विलक्षण घाई करणारे. विणीच्या काळात त्या भूशिराचा काही भाग बंद ठेवतात आणि सर्वच सहली तेथे थांबत नाहीत, म्हणून नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे. पफिन पाहिलेल्या मुलांना पाय न भिजवल्याचे दुःख फार वेळ राहणार नाही.

हिमनदीवर आपल्या डोक्यावर शिरस्त्राण असते, कमरेला पट्टा असतो, आणि पुढे जाणाऱ्याचे दर पावलाला आपल्याकडे लक्ष असते. किनाऱ्यावर बस थांबते, दार उघडते आणि तासभर प्रत्येक जण स्वतःच्या भरवशावर असतो. म्हणूनच हे इतके सविस्तर लिहिले.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिना किंवा दिवाळीची सुटी एवढेच पर्याय आहेत. कोणता निवडावा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : या सहलीसाठी मे. कारण उजेड. रेक्याविक ६४ उत्तर अक्षांशावर आहे; मेच्या मध्यावर तेथे अठरा-साडेअठरा तासांचा दिवस असतो, तर दिवाळीच्या सुमारास सात ते नऊ तासांचा. दिवाळीत गेलात तर सकाळी अंधारात निघाल आणि व्हीकहून परतताना बाहेर काही दिसणार नाही. डिसेंबरच्या शेवटी तर सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. ज्यांना ध्रुवीय प्रकाश पाहायचाच आहे त्यांना अंधार हवा, म्हणून त्यांनी दिवाळी निवडावी. पण तो कार्यक्रम वेगळ्या रात्रीसाठी ठेवावा.

नागपूरच्या मे महिन्यातून थेट तेथे उतरणार असाल, तर पहिल्या दिवशी हिमनदी ठेवू नका. शरीराला एक दिवस द्या.

प्रश्न : कपडे कोणते न्यावेत? शिवाय माझ्या सासूबाई बरोबर येणार आहेत आणि त्या साडीच नेसतात. त्यांना बर्फावर नेता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साडीवर कमरेचा पट्टा नीट बसत नाही, आणि क्रॅम्पॉनचे दाते निऱ्यांत अडकले तर तोल जाऊन गंभीर इजा होऊ शकते, म्हणून वाटाडे साडीत बर्फावर नेणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. सासूबाईंची तयारी असेल तर त्या दिवसापुरती लोकरी विजार आणि वरून जलरोधक विजार घालता येईल. माझ्या गटातील सत्तरीच्या एका आजींनी असेच केले आणि त्या आनंदाने चालल्या. तयारी नसेल, तर आग्रह करू नये. वाहनतळाजवळ उपाहारगृह आहे, आणि तेथून सपाट वाटेने हिमनदीसमोरच्या तळ्यापर्यंत जाऊन बर्फाची भिंत पाहता येते. सासूबाईंबरोबर कोणीतरी एकाने मागे थांबावे. तीन तास परक्या देशात एकटे बसणे कोणालाही जड जाते.

कपड्यांचा नियम असा : अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस दोन्ही अडवणारा थर. सुती कपडे आणि जीन्स टाळावेत, कारण ते भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. छत्री नेऊ नये. तेथील वाऱ्यात ती पाच मिनिटे टिकत नाही. क्रॅम्पॉन, आइस ॲक्स, शिरस्त्राण आणि पट्टा संस्था देते, पण घोटा झाकणारे, कडक तळव्याचे बूट आपले लागतात किंवा तेथे भाड्याने घ्यावे लागतात. धावण्याच्या मऊ बुटांवर क्रॅम्पॉन नीट बसत नाहीत. सेल्यालान्ड्सफॉसच्या मागून चालत जाता येते आणि तेथे माणूस अक्षरशः न्हाऊन निघतो. तो थांबा बहुधा हिमनदीच्या आधी येतो, म्हणून मोजे आणि हातमोजे यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवावा. ही सूचना लहान वाटते, पण ओल्या मोज्यांनी बर्फावर उभे राहिलेल्याला तिचे मोल कळते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. दिवसभर काय खावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : या सहलींत जेवण बहुधा समाविष्ट नसते. व्हीकमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात, पण तेथे पोहोचेपर्यंत दुपार टळलेली असते. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांहून चांगली शिदोरी मला सुचत नाही. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. तेथील नळाचे थंड पाणी उत्तम असते. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो भूगर्भातील उष्णतेमुळे, आणि त्याने घाबरू नये.

प्रश्न : आपल्या लेखात रेनिसफ्याराच्या बेसाल्ट स्तंभांचा उल्लेख होता. आमच्या घराजवळची गिल्बर्ट टेकडीही अशाच स्तंभांची आहे. दोन्ही दगड एकच का? आणि हिमनदीचा बर्फ छायाचित्रांत काळा कसा दिसतो?
– एक वाचक, अंधेरी, मुंबई

उत्तर : दगडाची जात एकच, वय फार वेगळे. गिल्बर्ट टेकडीचा बेसाल्ट दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. आइसलंडमधील सर्वांत जुना खडकही दीड-पावणेदोन कोटी वर्षांपलीकडे जात नाही, आणि दक्षिण किनाऱ्यावरचा बराचसा भाग त्याहून पुष्कळ नवा आहे. स्तंभ घडण्याची रीत मात्र सारखी. लाव्हा थंड होताना आक्रसतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा चिखल भेगाळतो, तसाच त्याचा पृष्ठभाग बहुकोनी तुकड्यांत फाटतो, आणि थंडावा आत उतरेल तशा त्या भेगाही आत उतरत जातात. म्हणून ते पाच-सहा बाजूंचे खांब उभे राहतात. सह्याद्रीच्या माणसाला रेनिसफ्याराला उभे राहिल्यावर एक चमत्कारिक ओळख पटते. कड्याकडे पाहताना मला क्षणभर आपण घाटावरच आहोत असे वाटले, आणि मग अंगावर आलेल्या वाऱ्याने जागे केले. पुळणीची काळी वाळू म्हणजे त्याच बेसाल्टचा समुद्राने आणि पुरांनी केलेला चुरा. ती किंवा तेथील गोटे आठवण म्हणून उचलून आणू नयेत.

बर्फाचा काळेपणा हा राखेचा आहे. काट्लाच्या १९१८च्या उद्रेकाची आणि शेजारच्या एयाफ्याल्लायोकुलच्या २०१०च्या उद्रेकाची राख त्या भागातील हिमनद्यांवर पसरली. २०१० साली याच उद्रेकाने युरोपातील विमानसेवा अनेक दिवस ठप्प झाली होती, हे आपल्याला आठवत असेल. राख बर्फात थराथराने गाडली जाते आणि वरचा बर्फ वितळला की पुन्हा उघडी पडते. तिचा पातळ थर ऊन शोषून खालचा बर्फ लवकर वितळवतो, पण थर जाड असेल तर तो घोंगडीसारखा बर्फ झाकून ठेवतो. त्यामुळे आजूबाजूचे वितळून जाते आणि राखेने झाकलेला भाग शंकूसारखा उभा राहतो. वाटाड्याने अशा एका काळ्या शंकूवर आइस ॲक्सने हलकेच खरवडले तेव्हा आत स्वच्छ, निळसर बर्फ निघाला. दाबाने हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीसे झालेला जाड बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो, म्हणून ती निळाई. भेगांमध्ये वाकून पाहिले की ती खोलवर दिसते. अर्थात वाटाडा सांगेल तेथूनच वाकावे.

प्रश्न : एका हिंदी चित्रपटातील गाण्यात काळ्या वाळूत पडलेले विमान दिसते. ते या सहलीत पाहता येते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : साधारणपणे नाही. अमेरिकी नौदलाचे ते विमान १९७३च्या नोव्हेंबरमध्ये सोल्हेमासांडूरच्या वाळूवर उतरवावे लागले. त्यातील सर्व जण वाचले. रस्त्यापासून तेथपर्यंत जाऊन येण्यासाठी सात किलोमीटरहून अधिक सपाट, निर्जन वाळू तुडवावी लागते. एका दिवसात हिमनदी आणि किनारा दोन्ही करायचे, तर त्याला वेळ उरत नाही. निवड करायची झाली तर मी हिमनदी निवडेन.

प्रश्न : डोंबिवलीहून माझे आईवडील आमच्याकडे येताना आपण सगळे आइसलंडमध्ये भेटावे असा विचार आहे. काट्लाचा उद्रेक झाला तर काय? आणि विम्याचे कसे?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : काट्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८च्या ऑक्टोबरमध्ये झाला. या ज्वालामुखीवर आइसलंडचे हवामान खाते सतत लक्ष ठेवून असते, आणि धोका वाढला की त्या भागातील भ्रमणध्वनींवर सूचना येते. व्हीक गावातील टेकडीवरचे लाल छपराचे चर्च ही पुराच्या वेळी गावकऱ्यांनी जमण्याची जागा आहे. आपणही सूचना मिळताच उंचावर जावे, एवढे लक्षात ठेवणे पुरेसे आहे. उद्रेकाविनाही लहान पूर येतात. २०११च्या जुलैमध्ये व्हीकच्या पूर्वेकडील मूलाक्विस्ल नदीवरचा पूल अशाच पुरात वाहून गेला होता. असे काही झाले तर रस्ते बंद होतात आणि सहल रद्द होते, म्हणून ती परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना, म्हणजे आईवडिलांना आणि आपलेही पारपत्र भारतीय असेल तर आपल्यालाही, शेंगेन व्हिसा लागेल. अमेरिकेचा व्हिसा असला तरी. त्या व्हिसासाठी निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. परंतु अनेक साध्या विमापत्रांत हिमनदीवरील पदयात्रा ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असते. विमा घेण्यापूर्वी ते कलम वाचावे, आणि वगळलेली असेल तर जादा हप्ता भरून ती समाविष्ट करून घ्यावी. आईवडिलांना रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधे चालू असतील, तर ती विमा कंपनीपासून लपवू नयेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेथील शाळकरी मुले हिमनदी मोजतात असे आपण एका ओळीत लिहिले होते. ते काय आहे? माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : या पत्राने मला विशेष आनंद झाला. सोल्हेमायोकुलपासून मोटारीने तासाभराच्या आत ह्वोल्सव्होत्लुर नावाचे गाव आहे. तेथील शाळेतील सातवीची मुले २०१०पासून दर शरद ऋतूत हिमनदीपाशी जातात आणि ठरलेल्या जागेपासून बर्फाच्या काठापर्यंतचे अंतर मोजतात. दर वर्षी नवा वर्ग येतो, आकडा लिहितो आणि पुढच्या वर्गाच्या हाती देतो. या हिमनदीची शास्त्रीय मोजणी १९३०पासून चालू आहे. तिच्यावरून दिसते, की १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती पुढेही सरकली होती. त्यानंतर मात्र ती सतत मागे हटते आहे, आणि एकट्या मुलांच्या नोंदींच्या काळातच शेकडो मीटर हटली आहे. आता तिच्या मुखाशी जे तळे आहे, ते मुलांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा नुकते तयार होऊ लागले होते. म्हणूनच वाहनतळापासून बर्फापर्यंतची चाल वर्षागणिक लांबते आहे. मुलांनी लिहिलेल्या वर्षवार आकड्यांचा फलक वाटेवर उभा आहे. आमच्या गटातील निम्मे लोक त्याच्यापुढून तसेच निघून गेले. माझी विनंती आहे, की जाणाऱ्यांनी तेथे पाच मिनिटे थांबावे.

आपल्या विद्यार्थ्यांना सांगताना हे सांगावे, की त्या मुलांकडे पहिल्या वर्षी फार मोठी साधने नव्हती. जागा तीच, महिना तोच आणि नोंद न चुकता, एवढेच त्यांनी सांभाळले. साताऱ्यात हिमनदी नाही, पण शाळेजवळ एखादी विहीर असेल. मोठ्यांच्या देखरेखीखाली, कठड्यावर खूण करून, खाली वजन बांधलेल्या दोरीने दर वर्षी मेच्या पहिल्या तारखेला पाण्याची पातळी मोजावी, आणि तो आकडा, तारीख व मोजणाऱ्या वर्गाचे नाव शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहावे. पहिल्या वर्षीचा आकडा आला, की मला अवश्य कळवावे. तो या सदरात छापू.